वरच्या तीन चादरी

आमच्या घरी सभासद येणार हे कळल्यावर माझ्या थोरल्या जावेने पहिलं काम काय केलं असेल, तर पडदा मागून आणला. आमच्या खिडकीला पडदा नाही, गेली चार वर्षं नाही. त्यावाचून कधी अडलंही नव्हतं, कारण समोर गोदामाची भिंत आहे आणि तिला आमच्यात काही रस नाही. पण जाऊबाई शेजारच्या शिंपीणबाईंकडे गेल्या आणि फुलाफुलांचा पडदा घेऊन आल्या. सोबत दोन खुर्च्याही.

सभासद म्हणजे आमच्या भागातून निवडून गेलेला माणूस. बारा महिने गळ्यात मफलर, म्हणून गल्लीत त्याला सगळे मफलरच म्हणतात. म्हाताऱ्यांची पेन्शन वाढवायची की नाही, यावर सभागृहात दोन महिने रणकंदन चाललं होतं. एक बाजू म्हणत होती, एवढ्याशा पैशांत माणूस जगतो कसा ते आधी सांगा. दुसरी बाजू म्हणत होती, तिजोरीत खडखडाट आहे, सरसकट सगळ्यांना कशाला वाढवायची, खरा गरजू शोधा आणि त्यालाच द्या. मफलरचं मत कुठेच पक्कं नव्हतं. मत देण्याआधी मी माझ्या भागातल्या चार पेन्शनरांची घरं स्वतः बघणार, असं त्याने जाहीर केलं. त्याच्या कचेरीने यादीतून जी चार नावं काढली, त्यांत आमचं निघालं.

या वाढीवर आमचं काय अडलं होतं ते आधीच सांगून टाकते. नव्या महिन्यापासून घरमालक भाडं वाढवणार होता. पेन्शन वाढली तर वाढीव भाडं जेमतेम भागणार होतं. नाही वाढली तर खोली सोडायची. मग माझी मुलगी मला घेऊन जाणार होती, तिच्या दोन खोल्यांत सासूसासऱ्यांसकट सहा माणसं आहेत आणि एकीची खाट कशीबशी बसेल, असं तिने रडत रडत फोनवर सांगितलं होतं. जाऊबाईंना मूलबाळ नाही. त्यांच्यासाठी सरकारी वृद्धाश्रम, एका दालनात आठ जणी.

आम्ही दोघी दोन सख्ख्या भावांच्या बायका. भाऊ एकामागोमाग एक गेले आणि आम्ही एकमेकींच्या गळ्यात उरलो. त्रेचाळीस वर्षं आम्ही भांडतोय. भाजीत मीठ, खिडकी उघडी की बंद, माझ्या नवऱ्याचं कर्ज आणि त्यांच्या नवऱ्याची दारू, सगळं झालंय. त्या शहात्तरच्या, मी एकाहत्तरची. त्या मला अगंतुगं करतात, मी त्यांना अहोजाहो करते आणि त्यातच हवं ते ऐकवून टाकते. तरी त्या आठ जणींच्या दालनात त्यांची खाट डोळ्यांपुढे आली की मी भांडण अर्ध्यावर सोडून द्यायचे. त्याचं कारण मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.

मी सव्वीस वर्षं सिनेमाच्या तिकीटखिडकीत बसले. तिथल्या भोकातून गिऱ्हाइकाचा चेहरा दिसत नाही, हात दिसतात. हातावरून मला माणूस कळतो, निदान मला तसा गर्व होता. जाऊबाई एकतीस वर्षं मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायच्या. वर्षातून दोनदा तिथे तपासणी असे. त्या दिवसाचं वर्णन त्यांच्याकडून मी शंभरदा ऐकलंय, आणि दर वेळी त्यांचा चेहरा उजळायचा.

"प्रत्येक गठ्ठ्यात वरच्या तीन चादरी कोऱ्या," त्या सांगायच्या. "घडीची कड बाहेर, शिक्का आत. खाली काय वाट्टेल ते असू दे. ठिगळं, डाग, चाळणी झालेल्या. तपासनीस एक उचलतो, दुसरी उचलतो, तिसरी बोटाने चाचपतो आणि सही करतो. एकतीस वर्षांत चौथ्या चादरीला एकाचा हात लागला असेल तर शपथ."

"आणि लागला असता तर?"

"तर आमची मजुरी कापली असती. फाटली कशी, हे आम्हांलाच विचारलं असतं. नव्या चादरी कोण देणार होतं?"

मफलर यायचा होता त्याच्या आदल्या दिवशी मी त्यांना नीट समजावलं. हा तपासनीस नाही, म्हटलं. हा फाटकं बघायलाच येतोय. फाटकं दिसलं तर आपलं भलं आहे. त्यांनी मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या न्हावीकाकांचा हीटर वर आला. न्हावीकाका कात्री ठेवून दहा वर्षं झालेला म्हातारा, आमच्यासारखाच पेन्शनवाला. हीटर तेही जपूनच वापरायचे. पाठोपाठ टेबलावर फळांची टोपली आली, कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडून, संध्याकाळी जशीच्या तशी परत करायच्या बोलीवर. माझी खाट त्यांनी स्वतः लावली. अंथरलेल्या चादरीला एक सुरकुती शोधून दाखवा.

"जाऊबाई, हे काय चाललंय?"

"घरात कुणी येतं तेव्हा घर घरासारखं दिसावं."

"अहो, पण तो..."

"तू गप्प बस. तुला काही रीतभात आहे का?"

मी गप्प बसले. त्याचा दोष मी त्यांच्यावर टाकू शकत नाही. खरं सांगायचं तर मलाही ती खोली आवडली. उबदार, पडदा लावलेली, टेबलावर लालबुंद फळं. अशा खोलीत आपण राहतो असं तासभर वाटून घ्यायला काय हरकत आहे, असं माझ्याही मनात येऊन गेलं.

मफलर आला, बरोबर एक वही घेतलेली मुलगी. माणूस वाईट नव्हता. बूट दाराबाहेर काढले, पाठीचं दुखणं असावं, खुर्चीत जपून बसला. थंडीचं कसं करता, विचारलं. जाऊबाईंनी हीटरकडे हात केला. खाण्यापिण्याचं? जाऊबाईंनी टोपली पुढे सरकवली, घ्या ना साहेब. त्याने एक फळ उचललं आणि बोलता बोलता सगळं खाल्लं. परत करायच्या मोजदादीतलं एक कमी झालं म्हणून मी त्याच्या हाताकडे बघत होते. दुपारचं जेवण? "मी रोज माझ्या लाँड्रीत जाते," जाऊबाई म्हणाल्या, "जुन्या मैत्रिणी आहेत. जेवल्याशिवाय सोडत नाहीत." हे मात्र खरं होतं. गेली तीन वर्षं त्या रोज अकरा वाजता रिकामा डबा घेऊन निघायच्या आणि चारला परतायच्या. मी दुपारी माझ्यापुरतं रांधायचे आणि मनात म्हणायचे, मजा आहे एकीची.

"म्हणजे तुम्हांला काही कमी नाही?"

"काही कमी नाही, साहेब."

मुलीने वहीत लिहिलं. मी चहाची कपबशी उचलायच्या निमित्ताने उठले.

आठ दिवसांनी सभागृहातली चर्चा टीव्हीवर दाखवणार होते. आमच्याकडे टीव्ही नाही, म्हणून आम्ही सगळे न्हावीकाकांच्या खोलीत जमलो. जाऊबाई आल्या नाहीत, डोकं दुखतंय म्हणाल्या. शिंपीणबाई उंबऱ्यात उभ्या राहून बटणं लावत होत्या. त्यांचं आमच्याशी या विषयावर पटत नसे. "माझा पोरगा दिवसभर ट्रक चालवतो," त्या म्हणायच्या, "तुमची वाढ त्याच्याच पगारातून कापणार ना? त्याची दोन पोरं आहेत. त्यांचं कोण बघणार?" त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. पण पडदा मात्र त्यांनीच दिला होता.

मफलर उभा राहिला. कागद न बघता बोलला. मी परवा दोन जावांच्या घरी गेलो होतो, म्हणाला. वयोवृद्ध, विधवा, फक्त पेन्शनवर जगणाऱ्या. आणि मी काय पाहिलं? स्वच्छ घर, उबदार खोली, टेबलावर ताजी फळं, अंथरुणावर पांढरीशुभ्र चादर. मला आग्रहाने खाऊ घातलं. म्हातारी माणसं उपाशी मरताहेत असं जे इथे सांगितलं जातंय, तो या स्वाभिमानी माणसांचा अपमान आहे. हातातल्या पैशांत ती नेटकं जगताहेत. म्हणून सरसकट वाढीला माझा पाठिंबा नाही.

समोरची बाकं वाजली. न्हावीकाकांनी टीव्ही बंद केला. खोलीत कुणी माझ्याकडे बघितलं नाही, आणि मला तेच लागलं. माझा हीटर, एवढंसुद्धा ते बोलले नाहीत. त्यांना सहा महिने दातांची कवळी करायची होती आणि ते या वाढीचीच वाट बघत होते, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

मी तरातरा वर गेले आणि जाऊबाईंना जे बोलले ते लिहायची मला लाज वाटते. तुमच्या त्या तीन चादरींनी सगळ्या गल्लीचं वाटोळं केलं, असं म्हटलं. तुमचं नाक वर राहिलं ना, मग राहा आता आठ जणींच्या दालनात नाक वर करून, असंही म्हटलं. त्या खाटेवर बसून होत्या. एक शब्द उलट बोलल्या नाहीत. एरवी माझ्या एका वाक्याला त्यांची तीन वाक्यं ठरलेली.

दुसऱ्या दिवशी मी मफलरच्या कचेरीत जाऊन बसले. तीन तास बसवलं. आत गेल्यावर मी सरळ सांगितलं की हीटर आमचा नव्हता, पडदा आमचा नव्हता, खुर्च्या आमच्या नव्हत्या, आणि तुम्ही जे फळ खाल्लंत त्याचे पैसे मी अजून दुकानदाराला दिलेले नाहीत.

तो मफलरचं टोक बोटाला गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "बाई, तुम्ही मला फसवलंत."

"हो."

"मग आता खरं बोलताय कशावरून? पेन्शन वाढावी म्हणूनही बोलत असाल."

"म्हणूनच बोलतेय. पण खरंही बोलतेय. आत्ता येऊन बघा खोली."

"मी आता पन्नास वेळा येऊन बघितलं तरी काय उपयोग? सभागृहात बोललो ते नोंदलं गेलंय." त्याने पाठ खुर्चीला टेकवली. "गुरुवारी समितीपुढे सुनावणी आहे. सामान्य माणसांना तीन तीन मिनिटं बोलता येतं. मोठ्या बाई माझ्याशी बोलल्या, तर मोठ्या बाईंनीच तिथे येऊन सांगू दे. त्या बोलल्या तर मी उभा राहून माझं विधान मागे घेतो. शब्द देतो."

हे मी जाऊबाईंना सांगितलं तेव्हा त्या भांडी पुसत होत्या. पुसतच राहिल्या.

"चार लोकांत उभं राहून मी उघडी पडू?"

"जाऊबाई, पेन्शन भीक नाही. एकतीस वर्षं राबलात."

"तुला कळायचं नाही. कमी दिसलं की दोष आपल्यालाच येतो. फाटली कशी, हेच विचारतात."

संध्याकाळी न्हावीकाका हीटर न्यायला आले. मफलर गेल्यापासून तो आमच्याकडेच होता, आम्ही परत एकदाही लावला नव्हता. जाऊबाईंनी तो पुसून दाराशी ठेवला होता. काकांनी तो उचलला, परत खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता त्यांना म्हणाले, "वहिनी, मनाला लावून घेऊ नका. माझं नाव निघालं असतं ना, तर मीही शिंपीणबाईंकडून खुर्च्या मागून आणल्या असत्या." आणि हसले, तोंडावर हात ठेवून, कारण दात नाहीत.

जाऊबाई हसल्या नाहीत. गुरुवारी सकाळी मी उठले तेव्हा त्या चांगले कपडे घालून तयार होत्या. "चल," एवढंच म्हणाल्या.

सुनावणीची खोली शाळेच्या वर्गासारखी होती, फक्त छत उंच. लांब टेबलामागे नऊ सभासद, टोकाला मफलर. समोर एक छोटं टेबल, त्यावर माइक आणि दिवा. मिनिटं संपत आली की दिवा लाल होतो, असं शिपायाने समजावलं. आमच्या आधी एक तरुण बोलला. त्याने आकडे मांडून सांगितलं की आज कमावणाऱ्यांवर किती बोजा आहे. छान बोलला. नंतर जाऊबाईंना बोलावलं. सोबत म्हणून मलाही शेजारी बसू दिलं.

त्यांनी माइकला हात लावला नाही, लांबूनच बोलल्या. पहिलं वाक्य कुणालाच ऐकू गेलं नाही. शिपायाने माइक पुढे ओढला.

"हीटर खालच्या काकांचा होता," त्या म्हणाल्या. "पडदा आणि खुर्च्या शेजारच्या बाईंच्या. फळं दुकानातली, परत द्यायची. साहेबांना वाटलं ते आमचं. साहेबांची चूक नाही. मीच तसं मांडलं होतं. मला तशी सवय आहे."

मला वाटलं, झालं. मला त्यांचा अभिमान वाटला. मी उठायलाही लागले होते.

तेवढ्यात मधल्या खुर्चीतल्या बाईंनी विचारलं. चष्मा लावलेल्या, मऊ आवाजाच्या. "आजी, मग जेवणाचं कसं करता? साहेबांच्या टिपणात आहे की दुपारी तुम्ही इस्पितळाच्या लाँड्रीत जेवता."

"हो," जाऊबाई म्हणाल्या. मग थांबल्या. माझ्याकडे वळून बघितलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं, काहीतरी मोडून ठेवलेल्या पोरीने बघावं तसं.

"नाही," त्या म्हणाल्या. "लाँड्री बंद झाली. तीन वर्षं झाली. चादरी आता कंत्राटदाराकडे बाहेर जातात. तिथे कुणी नाही."

"मग तुम्ही रोज कुठे जाता?"

"इस्पितळातच. बाहेरच्या पेशंटांची बाकं असतात, तिथे बसते. आत ऊब असते. इस्पितळात म्हातारी बसलेली दिसली तर कुणी विचारत नाही, का बसलीस."

"आणि जेवण?"

"डबा रिकामाच असतो. धुऊन आणते परत, जेवल्यासारखा."

दिवा लाल झाला. शिपायाने अध्यक्षांकडे बघितलं, अध्यक्षांनी राहू दे अशी खूण केली. चष्म्यावाल्या बाईंनी अजून हळू आवाजात विचारलं, असं का करता आजी?

"हिच्या रक्तदाबाच्या गोळ्या महाग झाल्या तेव्हा," जाऊबाई म्हणाल्या. "घरखर्चाच्या डबीतले पैसे पुरेनात. एक वेळचं वाचलं की गोळ्या निघतात. हिला सांगितलं असतं तर हिने गोळ्या बंद केल्या असत्या. हट्टी आहे."

मला काही ऐकू येईनासं झालं. मी तीन वर्षं मागे जाऊन बघत होते. रात्री त्या ताटात दोन घास घ्यायच्या आणि म्हणायच्या, दुपारचं जड झालंय. मी टोमणा मारायचे, मैत्रिणींकडे मेजवान्या झोडा आणि माझ्या हातचं टाका. किती वेळा म्हटलं असेल. त्यांची मनगटं किती बारीक झाली होती ते मला आत्ता, त्या टेबलावर दिसत होतं, आणि मी स्वतःला हात ओळखणारी बाई म्हणवून घेत होते.

"तुम्ही एकाच खोलीत राहता," टोकाचा कुणीतरी सभासद मला विचारत होता. मफलर नव्हे, दुसरा कुणीतरी. "तुम्हांला हे माहीत नव्हतं?"

माइक माझ्यापुढे सरकवला गेला.

"नव्हतं," मी म्हटलं.

परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. मला रडू आवरत नव्हतं आणि रागही आवरत नव्हता. "मला का नाही सांगितलंत?" मी शेवटी म्हटलं. "मीसुद्धा तपासनीसच का तुमची?"

"रोज कुणापुढे तरी बरं दिसावं लागतं," त्या म्हणाल्या. "घरात तूच होतीस."

त्या दुपारी घरी गेल्यावर मी रांधलं आणि त्यांच्यापुढे बसले. त्या जेवल्या. हळूहळू, अर्धा तास लावून, सगळं. तेव्हापासून दुपारी त्या घरीच जेवल्या.

मफलरने शब्द पाळला. सभागृहात उभं राहून म्हणाला, मी जे पाहिलं ते खरं नव्हतं, माझं विधान मी मागे घेतो, आणि त्याने वाढीच्या बाजूने मत दिलं. एका मताने काय होतं? अर्थमंत्री म्हणाले, या आजींची व्यथा ऐकून आम्हां सर्वांना वेदना झाल्या, पण एका घरावरून धोरण ठरत नाही, पुढच्या अंदाजपत्रकात सहानुभूतीने विचार करू. वाढीचा ठराव पडला. न्हावीकाकांनी या खेपेला टीव्ही बंद केला नाही, नुसते बघत राहिले. शिंपीणबाई मला म्हणाल्या, वाईट झालं हो. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्यांचा पोरगा त्या दिवशीही ट्रक घेऊन बाहेर होता.

वर्तमानपत्रात जाऊबाईंचा फोटो आला. दोघा अनोळखी माणसांनी घरी पाकिटं पाठवली. जाऊबाईंनी ती उघडली नाहीत, न्हावीकाकांच्या हाती दिली, दातांसाठी म्हणून. मी अडवलं नाही. त्या पाकिटांनी आमचं भाडं काही दर महिन्याला भागणार नव्हतं.

महिनाअखेरीला माझी मुलगी गाडी घेऊन मला न्यायला आली. जावयाच्या मित्राची गाडी होती. दारात तिने दोन बोचकी बघितली, एक माझं, एक जाऊबाईंचं, आणि माझं उचलायला वाकली.

"ते नको," मी म्हटलं. "ते दुसरं घे."

"आई?"

"मोठ्या आईला ने. मी आश्रमात बोलून आलेय, जागा माझ्या नावाने ठरलीय."

मुलीने माझंच बोचकं पुढ्यात ओढलं. तिला लहानपणी जाऊबाईंनीच वाढवलंय, दुपारी लाँड्रीतून सुटून आल्या की, कारण मी रात्रीपर्यंत तिकीटखिडकीत असायचे. तिला नको होतं असं नाही. पण आई ती आई, तिच्या डोळ्यांत ते दिसत होतं. जाऊबाई मात्र उसळून उभ्या राहिल्या.

"हा काय नवा तमाशा? मुलगी तुझी. तू जायचंस. मी कुठेही राहीन, मला सवय आहे."

"म्हणूनच नाही," मी म्हटलं.

"मी नाही जायची. ओढून नेलंत तरी नाही."

"जाऊबाई, तीन वर्षं दुपारी मी तुमच्या वाटचं जेवले." माझा आवाज चढला होता, शेजारी ऐकत असतील तर ऐकू देत. "तिथे माझी पोरगी तुम्हांला समोर बसवून जेवू घालेल. तिला मी सगळं सांगितलंय. ती माझ्यासारखी बावळट नाही, ताटात बघेल."

त्या उभ्याच राहिल्या. मग त्यांनी माझा हात धरला आणि एवढ्या जोराने दाबला की माझं बोट दोन दिवस दुखलं. "गोळ्या वेळेवर घे," म्हणाल्या. मुलीने बोचकं उचललं. जिन्यावर त्यांना जपून उतरवावं लागलं, एकेक पायरी. मी वरूनच बघितलं, खाली गेले नाही. गेले असते तर मीही गाडीत बसले असते.

आश्रमाच्या कचेरीत चारला पोहोचले. टेबलामागची बाई तरुण होती, जांभई देत अर्ज भरत होती. वय, आजार, पेन्शनचा क्रमांक, सगळं विचारून झालं.

"सगळ्यांत जवळचं नातं कोण? काही झालं तर कुणाला कळवायचं?"

"जाऊ."

तिने मान वर केली. "मुलंबाळं नाहीत का तुम्हांला?"

"मुलगी आहे."

"मग मुलीचं लिहिते ना. जाऊ कोण लिहितं?"

"खाली जागा असेल तर मुलीचंही लिहा," मी म्हटलं. "पण वर जाऊ लिहा."